नाना गावाला गेलेत

कुमासी, ११ जानेवारी, शनिवार

सिस्टर कोनादू,

तू माझा नंबर ब्लॉक करून टाकलास, म्हणून कागद घेतलाय. एका परीने बरंच झालं. फोनवर आवाज पाठवला की संध्याकाळपर्यंत तो साऱ्या कुमासीच्या कानात असतो, आणि हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मी त्यावरच तर जगते. कागद कुणी पुढे ढकलत नाही. हे पत्र तुमच्या आसुबोनीला येणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर अद्दाए तुझ्या हातात देईल. त्याला वाचता येतं, पण तो फुटबॉलपलीकडे काही वाचत नाही.

रेडिओवरचा आमचा आजचा ‘असांका’ ऐकलास ना? नाही म्हणू नकोस. पापांच्या घरी आंटी फोफी शनिवारी दहाला रेडिओ लावतात आणि तू नेमकी तेव्हाच स्वयंपाकघरात काहीतरी काम काढतेस. लोक असांकात मिरची वाटतात, आम्ही माणसं वाटतो. आज गेल्या वर्षाची यादी होती. वर्षातलं सगळ्यात खोटं रडणं: न्हीरा ओफोरी, सहनटाच्या अंत्यविधीत, काळा चष्मा लावून, दर हुंदक्याला कॅमेरा कुठे आहे ते बघत. वर्षातला सगळ्यात मोठा फुगा: तो रॅपर टाक्यी, ज्याने विमानतळावर स्वतःच्या स्वागताला भाड्याची गर्दी आणली आणि गर्दीने दुसऱ्याच माणसाला उचलून घेतलं. त्यावर माझं पेप्राशी वाजलं. पेप्रा म्हणजे माझ्यासमोर बसतो तो, स्वतःला डॉक्टर म्हणवणारा. कशाचा डॉक्टर ते त्याच्या आईलाही सांगता यायचं नाही. त्याचं म्हणणं, टाक्यी हा कलावंत आहे. मी म्हटलं, डॉक्टर, तुमचे कान तपासून घ्या, फुकट तपासतील, तुम्ही त्यांच्यातलेच.

तू हसली असशील. मग पुन्हा तोंड फुगवलं असशील.

तीन वर्षं झाली, कोनादू. मी तुझं नाव घेतलं नव्हतं, हे मी अजूनही म्हणते. ‘एक नटी, उंच, डाव्या गालावर तीळ, नवरा टायरचा व्यापारी, त्याचं दुसरं बिऱ्हाड टेमाला’ एवढंच माईकवर बोलले होते. तू म्हणालीस, नाव सोडलं तर बाकी ठेवलंस काय? तू सिनेमा सोडलास, पापांकडे जाऊन राहिलीस. पापांनी मला नाताळात जेवायला वाढलं, पण ‘अजून घे’ म्हणाले नाहीत.

आता कामाचं. नाताळच्या कार्यक्रमात पापा दोन गाणी म्हणून खाली बसले. तू लोकांना सांगितलंस, हरमाटन वाऱ्याची धूळ घशात गेली. धूळ दरवर्षीच असते गं. त्यांचा खोकला मी भिंतीआडून ऐकलाय.

आपण दोघी आईच्या कुळातल्या, म्हणजे पापांच्या कुळाला परक्या. पापांच्या कुळाचे थोरले ओपानिन अंत्वी, वेळ आली की कुणाला कधी सांगायचं ते तेच ठरवणार. पोरींचा नंबर शेवटी, आणि तोंडाळ पोरीचा त्याच्याही नंतर. म्हणून मी तुझ्याकडे एकच मागते. ती वेळ आली की मला तू सांग. मला माझ्या बापाची बातमी पेप्राच्या तोंडून ऐकायची नाही.

सेरवा


कुमासी, १६ मार्च, रविवार

सिस्टर कोनादू,

कालचं तू रेडिओवर ऐकलंस. आता माझ्याकडून ऐक.

गुरुवारी अद्दाए म्हणाला, नानांना, म्हणजे आपल्या पापांना, दवाखान्यात नेलं होतं. मी शुक्रवारभर तुला लावत राहिले, तुझा फोन मला घेतच नाही. शनिवारी मधल्या गाण्यात मी आंटी फोफींना फोन केला. लाइन खराब होती.

मी म्हटलं, “आंटी, पापा कुठेत?”

त्या म्हणाल्या, “नाना गावाला गेलेत.” आणि लाइन तुटली.

आता तूच सांग. पापा दोन वर्षांपूर्वीसारखे नुसते गिटारवाले अग्या ओबिरी असते, तर मी म्हटलं असतं, कुठल्या गावाला, कधी येणार, येताना केळी आणा म्हणावं. पण आसुबोनीच्या राजांनी त्यांना मानाचं आसन दिलं, ते नाना झाले. आसनावरचा माणूस मेला असं कुणी म्हणतं का? सगळे हेच म्हणतात, गावाला गेले. लहानपणापासून आपण हेच ऐकत आलो. मला काय ठाऊक, ते खरंच मळ्यातल्या गावी कोको बघायला गेलेत!

मी माईकवर सांगून टाकलं, पापा गेले. बोआतेंगने, म्हणजे आमच्या सूत्रधाराने, पापांचं जुनं गाणं लावलं. लोकांचे फोन सुरू झाले, बायका ओरडून रडत होत्या. मी पण रडत होते, आणि ते रडणं खरं होतं, हे लक्षात ठेव. मग अकरा पंचविसाला एक फोन आला.

“हॅलो. आसुबोनीकडून बोलतोय. मी मेलो असं ऐकतोय.”

बोआतेंगच्या हातून पाण्याचा ग्लास पडला. “नाना?”

“हो. मी मळ्यात आलोय. मळ्यात रेडिओ लागतो, हे तुमच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. बरं, कशाने गेलो मी?”

पेप्रा टेबलाखाली तोंड घालून हसत होता.

“ही खबर दिली कुणी?”

“मी, नाना,” मी म्हटलं. “सेरवा.”

“कोण सेरवा? बाई, तुमचे वडील आहेत का हो?”

“आहेत, नाना.”

“मग त्यांना विचारा कधीतरी, कसं वाटतं ते.”

आणि फोन ठेवला. कोनादू, साऱ्या देशात ते आता हसत हसत ऐकतायत. त्यांना तो विनोद वाटला. तुला आणि मला तो काय होता ते ठाऊक आहे.

लाइन खरंच खराब होती.

सेरवा


कुमासी, ११ मे, रविवार

सिस्टर कोनादू,

काल रात्रीच्या पुरस्कारांबद्दल तुझं मत मला ऐकायचं होतं. वर्षाची गायिका म्हणून त्या चर्चमध्ये गाणाऱ्या एस्तर दांक्वाला दिलं! तिचा आवाज चांगला आहे, नाही कुठे. पण वर्षभर तिने एकच गाणं सात वेळा काढलं, दर वेळी ढोल बदलून. पेप्राने उभं राहून टाळ्या वाजवल्या. आणि पापांना जीवनगौरव दिला, तर निवेदक म्हणतो कसा, “जिवंत असताना देतोय, घाई करा!” सभागृह हसलं. तू उठून तो घेतलास, निळं कापड नेसलेली, आणि कॅमेऱ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. मला फार अभिमान वाटला. हे तुला सांगायला मला अद्दाएची गाडी लागते.

गेल्या आठवड्यात आसुबोनीला झालं ते तू पडवीतून बघत होतीस. तरी लिहिते, कारण त्यानंतर मला कुणाशी बोलताच आलेलं नाही. दोन मेंढ्या आणि जिनच्या बाटल्या घेऊन मी माफी मागायला उभी होते. पापा माझ्यापासून चार पावलांवर बसलेले. आसनावरच्या माणसाशी थेट बोलायचं नसतं, म्हणून मधे तो काठीवाला. मी त्याला सांगायचं, त्याने पापांना सांगायचं. मी म्हटलं, “त्यांना सांगा, मी चुकले.” तो त्यांच्याकडे वळून म्हणाला, “नाना, ती म्हणते ती चुकली.” जसं काही पापांना ऐकू येत नाही. ज्या माणसाने मला कडेवर घेऊन कालवण फुंकून भरवलं, त्याच्याशी बोलायला मला मधे माणूस लागला.

पापांनी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. तो म्हणाला, “नाना म्हणतात, मेंढ्या चांगल्या आहेत.”

आणि मग ओपानिन अंत्वींनी निकाल दिला. नानांनी स्वतः बोलावल्याशिवाय हिने उंबरा ओलांडायचा नाही. मी पापांकडे बघितलं. ते मेंढ्यांकडे बघत होते.

मी दूर राहीन. पण जानेवारीत मागितलं ते अजून मागते. त्याचं तू हो म्हटलं नाहीस, नाही पण म्हटलं नाहीस.

सेरवा


कुमासी, २४ ऑगस्ट, रविवार

सिस्टर कोनादू,

या पत्रात गमतीचं काही नाही. न्हीरा ओफोरीचं लग्न झालं, मोडलं आणि पुन्हा जमलं, एवढ्यावर भागव.

लाइन खराब नव्हती.

आंटी फोफींचा आवाज स्वच्छ होता. त्यांच्यामागे कोंबडी ओरडत होती ती देखील मला ऐकू आली. आणि लाइन तुटली नाही, मी तोडली. ‘नाना गावाला गेलेत’ म्हणाल्या तेव्हा माझ्या मनात आलं होतं, यांचा आवाज रडका नाही. विचारावं का, कुठल्या गावाला? एवढाच प्रश्न होता. चार सेकंद लागले असते. पण समोर पेप्रा खाली मान घालून फोनवर बोटं चालवत होता आणि मला वाटलं, याला पण कळलंय, हा आत्ता तोंड उघडेल. माझा बाप, आणि हा सांगणार? मी फोन ठेवला आणि माईक ओढला.

पुढचं लिहू का नको, असं तीन दिवस चाललंय. लिहिते. सांगून झालं, बोआतेंगने डोळ्यांनीच शाबास म्हटलं, तेव्हा मला बरं वाटलं. रडत होते आणि बरं वाटत होतं. बाप मेल्याची खबर मी सगळ्यांच्या आधी दिली म्हणून. किती वेळ, ते विचारू नकोस. गाणं सुरू होईपर्यंत.

पेप्रा तेव्हा बायकोला टोमॅटो आण म्हणून लिहीत होता. मी नंतर विचारलं.

मेंढ्या कापल्या तेव्हा हे मी कुणाला सांगितलं नाही. पापांना सांगावंस असं मी म्हणत नाही. पण तू मला काही सांगायचं की नाही हे ठरवणार असशील, तर कुणाला सांगतेयस ते तुला पुरतं ठाऊक असावं.

सेरवा


कुमासी, ८ नोव्हेंबर, शनिवार

कोनादू,

घाईत लिहितेय, अद्दाए गाडीत बसलाय.

आज पेप्राने माईकवर कोडं घातलं. “एक मोठा माणूस, एका हातात गिटार, बुडाखाली आसन. सध्या कुमासीत तिसऱ्या मजल्यावर आडवा आहे. नाव मी घेत नाही.” नाव घेत नाही! ही माझीच चाल, माझ्याकडूनच शिकला, आणि मला पहिल्यांदा कळलं की ती समोरून आली की कशी लागते. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, “डॉक्टर, तुमच्या कोड्यांपेक्षा तुमचे शर्ट बरे.” हसले सगळे.

पापा कुमासीच्या दवाखान्यात आहेत? माझ्या घरापासून दोन ट्रोट्रो गाड्या बदलायच्या अंतरावर, आणि मला ते याच्याकडून कळावं?

मला बोलावलं नाही, मी येणार नाही. पण तू मला सांगशील ना? कोनादू, काहीतरी उत्तर दे. शिवी दे.

से.


कुमासी, १४ डिसेंबर, रविवार

सिस्टर कोनादू,

अद्दाएने तुझी चिठ्ठी दिली. अकरा महिन्यांत चार शब्द. ‘तुला गप्प बसता येतं?’ मी ती घडी घालून बायबलात ठेवली, मग काढून पर्समध्ये ठेवली.

खोटं उत्तर पटकन लिहिता आलं असतं. खरं असं की माहीत नाही. आजवर कधी करून बघितलेलं नाही. शाळेतसुद्धा तू गप्प बसायचीस आणि आपल्या दोघींच्या वाटणीचं मी बोलायचे, बाई तुला विचारायच्या आणि उत्तर मी द्यायचे.

एक गोष्ट सांगते, तिचं काय करायचं ते तू ठरव. गेले पाच आठवडे मी रोज सकाळी त्या दवाखान्यासमोर येते. फाटकाबाहेर ‘वाचे’ चवळीभात विकणारी बाई आहे, तिच्या बाकावर बसते. तिसऱ्या मजल्यावर डावीकडून चौथी खिडकी, तिथे तू टॉवेल वाळत घालतेस. नर्स मला ओळखतात, एकजण म्हणाली, “मॅडम, वर या ना, नानांना भेटा, एक फोटो पण काढू.” मी म्हटलं, मला बोलावलेलं नाही. ती हसली, तिला वाटलं मी गंमत करतेय. मंगळवारी तू खिडकीत आलीस आणि खाली बघितलंस. बघितलंस ना? मी हात केला नाही. मी वाचे खात राहिले, त्यात मिरची जास्त होती.

हे मी अजून कुणाला बोललेले नाही. पाच आठवडे. हे गप्प बसण्यात धरायचं असेल तर धर.

सेरवा


कुमासी, २७ डिसेंबर, शनिवार, दुपारी दोन

कोनादू,

काल तुझा फोन आला तेव्हा मी कांदा चिरत होते. पडद्यावर तुझं नाव जवळजवळ चार वर्षांनी बघितलं आणि उचलायच्या आधीच मला कळलं. तू म्हणालीस, “सेरवा, पापा गेले. पहाटे. मी जवळ होते. सोमवारी ओपानिन अंत्वी राजांकडे जिन घेऊन जातील, आधी राजांच्या कानावर घालायचं, मग जाहीर. तोवर कुळातल्या सातजणांना ठाऊक आहे आणि मला. आता तुला. मी सांगितलं हे त्यांना कळलं तर पुढच्या विधींत मला उभं करणार नाहीत.” मग थांबलीस आणि म्हणालीस, “जेवलीस का?” आणि ठेवलास. मला हूं म्हणायला पण वेळ दिला नाहीस.

आज वर्षाची यादी होती. घरी राहिले असते तर पेप्राने तेवढ्यावरूनच ताडलं असतं. काळं नेसावं असं अंगाला वाटत होतं, मी पिवळं नेसले. आता आमच्या खोलीत कॅमेरा लावलाय, लोक फोनवर बघतात आणि कपड्यांवरून सगळं ओळखतात. मीच शिकवलंय त्यांना.

पहिला तास धकला. टाक्यी, न्हीरा, एस्तर दांक्वाचं आठवं गाणं. मी बोलत होते, लोक हसत होते. मग बोआतेंग म्हणाला, “आणि वर्षातली सगळ्यात मोठी फजिती!” आणि मार्चमधला तो फोन लावला. मला कल्पना नव्हती. पापांचा आवाज आला, खणखणीत. “बरं, कशाने गेलो मी?” सगळे खो खो हसले. कॅमेरा माझ्यावर होता. कोनादू, मी हसले. दात दाखवून हसले. बाप दवाखान्याच्या तळघरात गार पडलेला आणि मी त्याच्या आवाजावर हसले, कारण नसते हसले तर एका क्षणात सगळ्या देशाला कळलं असतं. हे तुला इतर कुणी सांगण्याआधी मी सांगते.

ते संपतंय तोच पेप्रा म्हणाला, “हसा, पण माझ्याकडे काल सकाळपासून एक पक्की खबर आहे. आज तो फोन करणारा फोन करू शकणार नाही.”

बोआतेंग मार्चमध्ये पोळलाय. मेंढ्या त्यालाही आणाव्या लागल्या होत्या. तो पेप्राकडे बघेना, माझ्याकडे बघायला लागला. मी नुसती मान खाली घातली असती तरी त्याने गाणं लावलं असतं. बोलायची पण गरज नव्हती.

“सेरवा,” पेप्रा म्हणाला, “मुलगी आहेस तू. तूच सांग. वडिलांची काय खबर?”

“खबर?” मी म्हटलं. “काल मी त्यांच्यासाठी कांदा चिरत होते. डॉक्टर, मार्चमध्ये मी त्यांना मारलं, मला दोन मेंढ्या पडल्या. तुम्ही आज मारताय, तुम्हाला चार पडतील. तुमच्या घरी कोंबडी तरी आहे का?”

बोआतेंग सुटल्यासारखा हसला. पेप्राने तोंड उघडलं, माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि मिटलं. त्याला कळलंय, कोनादू. मला खात्री आहे. पण तो बोलला नाही. का, ते मला ठाऊक नाही. भ्याला असेल, नाहीतर त्यालाही बाप असेल.

मग मांपोंगहून एका म्हातारीचा फोन आला. म्हणाली, “सेरवा, माझं लग्न नानांच्या गाण्यावर झालं गं. नव्या वर्षात पुन्हा उभे राहा म्हणावं. सांगशील ना त्यांना?”

“सांगते, आंटी,” मी म्हटलं.

बारा वाजता माईक बंद झाला. पार्किंगमध्ये पेप्रा माझ्या मागून आला आणि त्याने माझी पर्स गाडीपर्यंत उचलून आणली. आता सोमवारी तो सांगेल तेव्हा लोक म्हणतील, मुलगी असून हिला काहीच ठाऊक नव्हतं, शनिवारी दात काढत होती. म्हणू देत. ज्यांना शुक्रवारी ठाऊक होतं त्यांत मी होते.

तुला विचारलंच नाही, तुझ्याशिवाय कुणी होतं का जवळ, त्यांना दुखलं का, त्यांनी मला बोलावलं होतं का. शेवटचं सांगू नकोस. बोलावलं नसेल तर मला ते नंतर कधीतरी सांग.

आत्ता एवढंच कळव. जाहीर होण्याआधी रडायचं नसतं, शेजारच्या घरी आवाज गेला तरी बातमी फुटते, हे मला माहीत आहे. कालपासून मी रडलेले नाही. कांदा तसाच टाकून दिला, कांद्याने पण डोळ्यांत पाणी नको म्हणून. राजांकडून सोमवारी ते लोक किती वाजता बाहेर पडतील? सकाळी म्हणू नकोस, नक्की वेळ कळव. त्याच्या एक मिनिट आधी मी रडणार नाही.

तुझी,
सेरवा